ग्रंथविक्रेत्याचे दुकान आणि वाचकमंडळ : पॅरिसमधील ओदेओं मार्गावरील दोन दुकानांच्या निमित्ताने

१

वाङ्मयेतिहास लिहिताना लेखक, ग्रंथ, प्रवाह आणि कालखंड यांचा विचार होतो. अलीकडे प्रकाशक, नियतकालिके आणि अनुवादक यांनाही त्यात जागा मिळू लागली आहे. मात्र ग्रंथविक्रेता या घटकाची नोंद बहुधा ऋणनिर्देशापुरती किंवा एखाद्या आठवणीपुरतीच होते. पुस्तक छापून झाले की त्याचा वाङ्मयीन प्रवास संपला आणि व्यापारी प्रवास सुरू झाला, असे यामागचे गृहीत असते. रॉबेर एस्कार्पी या फ्रेंच अभ्यासकाने १९५८ साली साहित्याच्या समाजशास्त्राची मांडणी करताना निर्मिती, वितरण आणि ग्रहण अशा तीन अंगांचा विचार केला, आणि वितरण हे केवळ वाहतुकीचे काम नसून निवडीचे काम आहे याकडे लक्ष वेधले. दुकानात कोणते पुस्तक ठेवायचे, कोणते दर्शनी लावायचे, कोणाच्या हाती कोणते द्यायचे हे ठरविणारी व्यक्ती वाङ्मयीन अभिरुचीच्या घडणीत भाग घेत असते.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. कोणत्याही मोठ्या व्यापारी साखळीचा किंवा संस्थेचा भाग नसलेले, एका व्यक्तीच्या निवडीवर चालणारे पुस्तकांचे दुकान जेव्हा वाचकांचे मंडळ जमविते, वाचने आणि व्याख्याने घडवून आणते, तेव्हा त्यातून नेमके काय निर्माण होते? वाचक निर्माण होतो, ग्राहक निर्माण होतो, की केवळ प्रेक्षक? हा प्रश्न अमूर्त पातळीवर सोडविता येणारा नाही. त्यासाठी ज्याची कागदपत्रे आणि आठवणी उपलब्ध आहेत असे उदाहरण घेणे इष्ट ठरते. पॅरिसच्या डाव्या तीरावरील ओदेओं मार्गावर समोरासमोर असलेली दोन दुकाने, आद्रिएन मोनिए हिचे 'ग्रंथमित्रांचे घर' आणि सिल्व्हिया बीच हिचे 'शेक्सपिअर अँड कंपनी', हे असे उदाहरण होय.

२

आद्रिएन मोनिएने आपले दुकान १९१५ च्या नोव्हेंबरात, ७, ओदेओं मार्ग या पत्त्यावर उघडले. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. तिचे वडील रेल्वेच्या टपालखात्यात नोकरीला होते. एका रेल्वे अपघातात जबर जखमी झाल्याबद्दल त्यांना मिळालेल्या भरपाईची रक्कम त्यांनी मुलीच्या स्वाधीन केली आणि त्यातून दुकानाचे भांडवल उभे राहिले. हा तपशील केवळ चरित्रात्मक नाही. पहिल्या महायुद्धामुळे पुरुष आघाडीवर गेलेले होते, जुनी दुकाने बंद पडत होती, भाडी उतरली होती. एरवी ज्या व्यवसायात एका तरुण स्त्रीला शिरकाव मिळणे कठीण होते त्यात या परिस्थितीमुळे फट निर्माण झाली. भांडवल थोडे असल्यामुळे तिला अभिजात ग्रंथांचे जुने संच किंवा महागड्या आवृत्त्या ठेवणे परवडण्यासारखे नव्हते. तिने समकालीन लेखकांवर भर दिला. आर्थिक मर्यादा आणि वाङ्मयीन निवड यांचा असा मेळ बसला की पुढे ती निवड म्हणजेच दुकानाची ओळख झाली.

मोनिएच्या दुकानाचे वेगळेपण तिच्या एका साध्या विचारात होते. पुस्तक न वाचता ते विकत घेणे ही गोष्ट तिला विचित्र वाटत असे. वाचकाने आधी वाचावे, आवडले तर मग ते जवळ बाळगण्यासाठी विकत घ्यावे, अशी तिची धारणा होती. म्हणून दुकानाला तिने वर्गणीदारांसाठी पुस्तके घरी नेऊ देणाऱ्या वाचनालयाची जोड दिली. वाचनालय आणि विक्री ही दोन कामे एका छपराखाली आली की ग्राहकाचे विक्रेत्याशी असलेले नाते बदलते. एकदाच येऊन वस्तू घेऊन जाणारा ग्राहक आठवड्याला, पंधरवड्याला परत येणारा सभासद होतो. तो परत येतो तेव्हा आधीच्या पुस्तकाविषयी काही बोलतो. विक्रेत्यालाही त्याची आवड कळते आणि पुढचे पुस्तक सुचविता येते. कोणताही जाहीर कार्यक्रम होण्यापूर्वीच येथे एक वाचकमंडळ तयार होत असते, हे लक्षात घेतले पाहिजे.

या मंडळातूनच पुढे दुकानातील वाचनबैठका निघाल्या. पोल व्हालेरी, लेओं-पोल फार्ग, झ्यूल रोमँ, व्हालेरी लार्बो ही मंडळी दुकानात येणारी-जाणारी होती आणि आपले लेखन तेथे वाचून दाखविणे त्यांना स्वाभाविक वाटू लागले. १९१९ च्या मार्चमध्ये एरिक साती या संगीतकाराने प्लेटोच्या संवादांवर आधारलेली आपली 'सोक्रात' ही रचना याच दुकानात, स्वतः पियानोवर बसून, निवडक श्रोत्यांपुढे सादर केली. पुस्तकांच्या कपाटांमध्ये खुर्च्या मांडून झालेल्या या बैठकांना नाट्यगृहाचे किंवा विद्यापीठीय व्याख्यानगृहाचे स्वरूप नव्हते. श्रोता आणि लेखक यांच्यातील अंतर येथे चारदोन हातांचे होते.

या बैठकांची तुलना अठराव्या शतकातील फ्रेंच दिवाणखान्यांतील मैफलींशी करण्याचा मोह होतो. त्या मैफलीही बहुधा स्त्रियांच्या पुढाकाराने भरत आणि त्यांनीही अभिरुची घडविली. पण एक मूलभूत फरक विसरून चालणार नाही. दिवाणखान्यात प्रवेश मिळे तो कुल, प्रतिष्ठा आणि निमंत्रण यांच्या बळावर. दुकानाचे दार मात्र रस्त्यावर उघडते. अल्प वर्गणी भरू शकणारा विद्यार्थी आणि प्रस्थापित कवी यांना एकाच कपाटापुढे उभे राहावे लागते. या समानतेला मर्यादा होत्या, त्यांचा विचार पुढे केला आहे. परंतु समानतेची शक्यता दुकानाच्या रचनेतच होती, हे मान्य करावे लागेल.

३

सिल्व्हिया बीचचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झाला. वडील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक होते. युद्धकाळात पॅरिसमध्ये आधुनिक फ्रेंच कवितेचा अभ्यास करीत असताना ती मोनिएच्या दुकानात पोहोचली आणि तेथील वातावरणाने प्रभावित झाली. न्यूयॉर्कमध्ये फ्रेंच पुस्तकांचे दुकान काढावे असा तिचा मूळ विचार होता. तेथील खर्च आवाक्याबाहेरचा ठरल्यामुळे तो उलटा फिरला आणि पॅरिसमध्ये इंग्रजी पुस्तकांचे दुकान उघडायचे ठरले. आईने पाठविलेल्या शिलकीवर १९ नोव्हेंबर १९१९ रोजी द्युपुइत्रें मार्गावर 'शेक्सपिअर अँड कंपनी' सुरू झाले. १९२१ मध्ये ते १२, ओदेओं मार्ग येथे, मोनिएच्या दुकानासमोर आले. एकाच रस्त्यावर समोरासमोर एक फ्रेंच आणि एक इंग्रजी अशी दोन वाचनालये उभी राहिल्याने दोन भाषांतील वाचक-लेखकांची रोजची ये-जा शक्य झाली.

बीचनेही विक्रीपेक्षा वाचनालयावरच भर दिला. इंग्लंड-अमेरिकेहून येणारी पुस्तके फ्रेंच विद्यार्थ्यांना विकत घेणे परवडत नसे. वर्गणी आणि अनामत भरून एकावेळी एक किंवा दोन पुस्तके नेण्याची सोय त्यांना मोलाची होती. प्रत्येक सभासदाच्या नावाचे पत्रक ठेवलेले असे आणि त्यावर नेलेल्या व परत आणलेल्या पुस्तकांची नोंद होई. बीचचे हे सारे दप्तर १९६४ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने मिळविले आणि अलीकडच्या वर्षांत तेथील संशोधकांनी त्यातील सभासदांच्या व वाचनाच्या नोंदी अभ्यासकांना खुल्या केल्या आहेत. त्यावरून पाच हजारांहून अधिक सभासदांची माहिती हाती येते.

या नोंदींचे महत्त्व दुहेरी आहे. अर्नेस्ट हेमिंग्वे, गर्ट्रूड स्टाइन, सिमोन द बोव्हार, वाल्टर बेन्यामिन, एमे सेझेर अशी नावे त्यात आढळतात, ही गोष्ट चटकन नजरेत भरते. हेमिंग्वेने आपल्या पॅरिसविषयक आठवणींत सांगितले आहे की पहिल्या भेटीत त्याच्याजवळ अनामतीचे पैसे नव्हते, तरीही बीचने त्याला हवी ती पुस्तके नेऊ दिली. परंतु दुसरे महत्त्व अधिक मोठे आहे. हजारो सभासदांपैकी बहुतेकांची नावे वाङ्मयेतिहासाला अपरिचित आहेत. ते विद्यार्थी, शिक्षक, नोकरदार, तात्पुरते वास्तव्य करून असलेले परदेशी होते. आधुनिकतावादी साहित्य मूठभर प्रतिभावंतांनी एकमेकांसाठी लिहिले, ही समजूत या पत्रकांपुढे टिकत नाही. त्या साहित्याला एक सामान्य, वर्गणी भरणारा, वेळेवर अथवा उशिरा पुस्तक परत करणारा वाचक होता. त्याचे अस्तित्व समीक्षेत नोंदले गेले नाही, दुकानाच्या हिशेबात मात्र ते नोंदले गेले.

४

वाचनालय, बैठक आणि प्रकाशन या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याचा क्षण म्हणजे जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'चा प्रसंग. १९१८ पासून ही कादंबरी 'लिटल रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकात क्रमशः येत होती. अश्लीलतेच्या आरोपावरून खटला होऊन १९२१ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या न्यायालयाने संपादक मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप यांना दोषी ठरविले. त्यानंतर इंग्रजीभाषक देशांत कोणी प्रकाशक पुढे येण्याची आशा उरली नाही. अशा वेळी, प्रकाशनाचा कसलाही अनुभव नसलेल्या बीचने ते पुस्तक आपल्या दुकानाच्या नावाने काढण्याचे ठरविले.

भांडवल नव्हते. म्हणून मोनिएच्या सल्ल्याने आगाऊ ग्राहक नोंदविण्याची योजना केली गेली. पहिल्या आवृत्तीच्या एक हजार प्रती ठरल्या. त्यांपैकी १०० हातकागदावर, लेखकाच्या स्वाक्षरीसह, ३५० फ्रँक किमतीच्या. १५० प्रती २५० फ्रँकच्या. उरलेल्या ७५० प्रती १५० फ्रँकच्या. पत्रके वाटली गेली. आंद्रे जीद हा पहिल्या ग्राहकांत होता. बर्नार्ड शॉने पत्र पाठवून नकार कळविला, आणि बीचने ते पत्रही जपून ठेवले.

७ डिसेंबर १९२१ रोजी मोनिएच्या दुकानात लार्बोने जॉइसवर व्याख्यान दिले. सुमारे अडीचशे लोक त्या लहानशा जागेत दाटीवाटीने बसले होते. कादंबरी अजून छापून झालेली नव्हती. तिच्यातील काही उतारे तरुण संगीतज्ञ झाक बेन्वा-मेशँ याने इतरांच्या साहाय्याने फ्रेंचमध्ये आणले होते आणि काही मूळ इंग्रजीत वाचले गेले. काही भाग श्रोत्यांना धीट वाटेल याची पूर्वसूचना दिलेली होती. जॉइस स्वतः पडद्याआड बसून होता आणि शेवटी लार्बोने त्याला ओढून श्रोत्यांसमोर आणले.

या संध्याकाळचे वर्णन पुष्कळ ठिकाणी आलेले आहे. येथे त्याच्या रचनेकडे पाहायचे आहे. लार्बोने ग्रंथाची स्तुती करून थांबण्याऐवजी होमरच्या महाकाव्याशी असलेला त्याचा संबंध आणि त्याची अंतर्गत योजना उलगडून दाखविली. अवघड ग्रंथ वाचण्याची किल्ली, तो ग्रंथ हाती येण्यापूर्वीच, त्याच्या संभाव्य वाचकांना दिली गेली. 'युलिसिस'वरील पुढील समीक्षेने अनेक वर्षे जो मार्ग चोखाळला त्याचा आरंभ एखाद्या विद्यापीठात किंवा नियतकालिकात झालेला नाही. तो एका पुस्तकाच्या दुकानातील व्याख्यानात झाला. वाङ्मयीन कार्यक्रमाची सार्थकता मोजण्याचा एक निकष येथे हाती येतो. कार्यक्रमानंतर श्रोता त्या ग्रंथाचा अधिक समर्थ वाचक झाला काय, हा तो निकष होय.

२ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, दिजाँ येथील दारांतिएर या मुद्रकाकडून पहिल्या दोन प्रती रेल्वेने पॅरिसला आल्या. एक जॉइसला मिळाली, दुसरी बीचने दुकानाच्या दर्शनी काचेत ठेवली. इंग्रजी न जाणणाऱ्या जुळाऱ्यांनी जुळविलेला आणि मुद्रितांवरही लेखकाने सतत वाढविलेला हा ग्रंथ वाचकांच्या आगाऊ विश्वासावर उभा राहिला होता.

मराठीच्या अभ्यासकाला ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकातील अनेक मराठी ग्रंथ आगाऊ वर्गणीदार मिळवून निघाले आणि आश्रयदात्यांच्या नावांची यादी ग्रंथातच छापण्याचा प्रघात होता. प्रकाशनपूर्व सवलतीची पुढील काळातील योजना हे त्याच पद्धतीचे व्यापारी रूप होय. या याद्यांकडे आपल्याकडे बहुधा दुर्लक्ष झाले आहे. वस्तुतः त्या काळचा मराठी वाचक कोणत्या गावचा, कोणत्या व्यवसायातला आणि कोणत्या जातीचा होता, हे सांगणारा तो मौलिक पुरावा आहे.

५

आतापर्यंतचे विवेचन उज्ज्वल बाजूचे झाले. या व्यवहाराची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न टाळून चालणार नाही.

मोनिएने १९२५ च्या जूनमध्ये 'चांदीचे जहाज' अशा अर्थाच्या नावाचे मासिक सुरू केले. पहिल्याच अंकात तिने आणि बीचने मिळून केलेला, एलियटच्या प्रूफ्रॉकविषयक कवितेचा फ्रेंच अनुवाद होता. आंत्वान द सँतेग्झ्यूपेरी याची पहिली प्रकाशित कथा याच मासिकात १९२६ साली आली. परंतु बारा अंकांनंतर मे १९२६ मध्ये मासिक बंद पडले आणि झालेले कर्ज फेडण्यासाठी मोनिएला स्वतःचा ग्रंथसंग्रह, त्यातील लेखकांनी स्वाक्षरी करून दिलेल्या प्रतींसह, लिलावात विकावा लागला. लेखकांनी मैत्रीच्या भावनेने दिलेली पुस्तके बाजारात आल्याने काही मने दुखावणे साहजिक होते. तरीही तिने उमेद सोडली नाही. १९२९ साली 'युलिसिस'चा फ्रेंच अनुवाद तिच्याच दुकानाने प्रकाशित केला.

बीचचा अनुभव याहून कडवट होता. 'युलिसिस'च्या निमित्ताने जॉइसला ती दुकानाच्या गल्ल्यातून सतत उचल देत राहिली. तीसच्या दशकाच्या आरंभी अमेरिकन प्रकाशनाची शक्यता दिसू लागली तेव्हा करारान्वये आपल्याकडे असलेले हक्क तिने सोडून दिले. १९३३ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती वुल्सी यांच्या निकालाने अमेरिकेतील बंदी उठली, १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या रँडम हाउसने ग्रंथ काढला, आणि ज्या दुकानाने तो अनेक वर्षे जगविला त्याच्या वाट्याला त्यातून काही आले नाही. येथे एका व्यक्तीला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. मैत्री, आदर आणि व्यवहार यांच्या सीमारेषा जेथे पुसट असतात तेथे हिशेब बहुधा दुर्बळ पक्षाच्या विरुद्ध जातो, आणि वाङ्मयाच्या क्षेत्रात दुकानदार हा, वरकरणी उलट भासले तरी, पुष्कळदा दुर्बळ पक्ष असतो.

महामंदीनंतर अमेरिकन वाचक पॅरिस सोडून गेले आणि तीसच्या दशकाच्या मध्याला दुकान बंद करण्याची वेळ आली. तेव्हा आंद्रे जीदच्या पुढाकाराने 'शेक्सपिअर अँड कंपनीचे मित्र' असे मंडळ स्थापन झाले. सभासदांनी वर्षाला २०० फ्रँक द्यायचे आणि त्या बदल्यात दुकानात होणाऱ्या लेखकांच्या वाचनांना उपस्थित राहायचे, अशी योजना होती. जागेच्या मर्यादेमुळे सभासदसंख्या २०० वर थांबविली गेली. १९३६ मध्ये जीद, व्हालेरी, एलियट यांची वाचने झाली. १९३७ च्या मे महिन्यात हेमिंग्वे आणि स्टीफन स्पेंडर एकाच संध्याकाळी वाचते झाले. दुकान तगले.

या मंडळाची आणि १९२१ च्या बैठकीची तुलना उद्बोधक आहे. १९२१ मध्ये ग्रंथ अज्ञात होता आणि बैठक त्या ग्रंथासाठी होती. १९३६ मध्ये लेखक सर्वज्ञात होते आणि बैठक दुकानासाठी होती. १९२१ मध्ये श्रोत्याला अनोळखी साहित्याचा परिचय घडला, १९३६ मध्ये त्याला ओळखीच्या कीर्तीचे दर्शन घडले. यावरून दुसऱ्या प्रकारचे कार्यक्रम हीन ठरवावेत असे नाही. एलियटला स्वतःची कविता वाचताना ऐकणे हा काव्याचा अनुभवच होय, आणि त्या वर्गणीने एक वाचनालय वाचले हेही विसरता येत नाही. परंतु कार्यक्रमाचे केंद्र ग्रंथाकडून ग्रंथकाराकडे सरकले, वाचकाच्या भूमिकेला प्रेक्षकाच्या भूमिकेची किनार आली, हे नोंदवावे लागते. दुकानाची गरज जितकी तीव्र, तितकी ही सरक अधिक, असेही म्हणता येईल.

६

१९४० साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले. बीचने आपल्या आठवणींत सांगितल्यानुसार, १९४१ च्या अखेरीस एका जर्मन अधिकाऱ्याने काचेतील जॉइसच्या 'फिनेगन्स वेक'ची प्रत मागितली. ती तिची शेवटची प्रत होती आणि तिने ती विकण्यास नकार दिला. तो पुन्हा आला तेव्हा जप्तीची धमकी देऊन गेला. त्यानंतर काही तासांतच मित्रमैत्रिणींच्या मदतीने सारी पुस्तके वरच्या मजल्यावर हलविली गेली आणि दुकानाची पाटी रंग फासून पुसली गेली. बीचला पुढे सुमारे सहा महिने स्थानबद्धतेत काढावे लागले. दुकान पुन्हा उघडले नाही. मोनिएचे १९५५ मध्ये आणि बीचचे १९६२ मध्ये निधन झाले.

या परंपरेचा धागा नंतर दोन ठिकाणी दिसतो. जॉर्ज व्हिटमन या अमेरिकन गृहस्थाने १९५१ साली पॅरिसमध्येच नोत्रदामसमोरच्या तीरावर 'ल मिस्त्राल' हे दुकान काढले आणि १९६४ मध्ये त्याला 'शेक्सपिअर अँड कंपनी' हे नाव दिले. कपाटांच्या मधल्या बाकांवर होतकरू लेखकांना मुक्कामाला जागा, आणि त्या बदल्यात दुकानात थोडे काम, रोज वाचन व स्वतःविषयी एक पानभर मजकूर, असा तेथील रिवाज प्रसिद्ध आहे. दुसरे उदाहरण सान फ्रान्सिस्कोचे. पीटर मार्टिन आणि लॉरेन्स फर्लिंगेटी यांनी १९५३ मध्ये स्वस्त, कागदी बांधणीच्या पुस्तकांसाठी 'सिटी लाइट्स' हे दुकान उघडले. १९५६ मध्ये दुकानाच्या प्रकाशनसंस्थेने ॲलन गिन्सबर्गचा 'हाउल' हा कवितासंग्रह काढला. १९५७ मध्ये त्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा प्रकाशक फर्लिंगेटीबरोबरच, पुस्तक प्रत्यक्ष विकल्याबद्दल दुकानातील शिगेयोशी मुराओ यालाही अटक झाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायाधीश हॉर्न यांनी ग्रंथाला सामाजिक मोल असल्याचे मान्य करून निर्दोषतेचा निर्णय दिला. गिन्सबर्ग १९६२-६३ मध्ये भारतात राहिला, मुंबईतील कवींना भेटला, आणि पुढे त्याच्या भारतातील दैनंदिन्या याच दुकानाच्या प्रकाशनाशी निगडित राहिल्या. साठोत्तरी मराठी कवितेच्या आणि लघुनियतकालिकांच्या अभ्यासकांना हा संबंध परिचित आहे.

विक्रेत्याला झालेली अटक ही प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने सूचक आहे. वाङ्मयेतिहासाने विक्रेत्याला साहित्यव्यवहारातील जबाबदार घटक मानले नसले तरी कायद्याने ते मानले होते.

७

मराठीत वाचकांची सार्वजनिक संघटना मुख्यतः वेगळ्या वाटेने झाली. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, १८७८ चे ग्रंथकार संमेलन, १८९३ चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही या वाटेवरील ठळक ठिकाणे होत. येथे पुढाकार विक्रेत्याचा नव्हता, सार्वजनिक कार्यकर्त्यांचा होता. ग्रंथव्यवहाराकडे समाजकार्य म्हणून पाहण्याची दृष्टी त्यातून रुजली. दुसरीकडे शहरांतील पेठांत आणि चाळींत नाममात्र भाड्याने पुस्तके देणारी खासगी वाचनालये अनेक वर्षे चालली. मोनिएच्या वाचनालयाशी त्यांचे कार्य जवळचे असूनही त्यांचा अभ्यास फारसा झालेला नाही. विक्रेत्याच्या दुकानाभोवती वाचक जमण्याची उदाहरणेही आहेत. केशवराव कोठावळे यांच्या मॅजेस्टिकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'गप्पां'नी लेखक आणि वाचक यांना समोरासमोर आणले. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली मुंबईत स्ट्रँड चित्रपटगृहात सुरू केलेला आणि पुढे फोर्टमध्ये स्थिरावलेला 'स्ट्रँड बुक स्टॉल' वाचकांच्या काही पिढ्यांना पुस्तक चाळण्याची मुभा देत राहिला. शानभाग २००९ मध्ये निवर्तले आणि २०१८ मध्ये ते दुकानही बंद झाले.

मात्र मंडळ म्हटले की त्याच्या परिघाबाहेर कोण राहिले, हा प्रश्न उपस्थित होतो. मराठीत तो फार लवकर आणि फार स्पष्टपणे विचारला गेला. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण आले असता महात्मा जोतीराव फुले यांनी पत्र लिहून जाण्यास नकार दिला. ज्यांच्या आचारात आणि ग्रंथांत सर्व मानवांच्या समान हक्कांना स्थान नाही, त्यांच्या सभेशी शूद्रातिशूद्रांच्या भावनांचा मेळ बसू शकत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हा आक्षेप केवळ एका सभेपुरता नाही. दोनशे फ्रँक भरू शकणाऱ्या दोनशे जणांच्या मंडळालाही तो लागू पडतो आणि आजच्या प्रत्येक निमंत्रितांच्या मैफलीलाही. रस्त्यावर उघडणारे दार सर्वांसाठी उघडे असले, तरी आत पाऊल टाकण्याचे धैर्य, अक्षरओळख आणि खिशातील पैसा समाजाने सर्वांना सारखा दिलेला नसतो. ओदेओंच्या दुकानांचा गौरव करताना हा निकष बाजूला ठेवणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे होय.

८

वरील विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की दुकानातील वाङ्मयीन कार्यक्रम हा स्वयंभू नसतो. रोजच्या देवघेवीतून, सभासदांच्या ये-जा करण्यातून जो वाचक घडलेला असतो, त्याच्या बळावर तो उभा राहतो. ही पायाभूत देवघेव नाहीशी झाली आणि केवळ समारंभ उरला, तर गर्दी जमते पण मंडळ जमत नाही. मराठीत प्रकाशनसमारंभांची संख्या वाढत असताना ग्रंथ वाचून त्यावर बोलणाऱ्यांची संख्या त्या प्रमाणात वाढली आहे काय, याचा विचार या संदर्भात व्हावयास हवा.

दुसरा निष्कर्ष खर्चासंबंधीचा आहे. असे मंडळ चालविण्याचा भार बहुधा एका व्यक्तीवर पडतो आणि त्याची परतफेड त्या व्यक्तीला क्वचितच होते. ओदेओं मार्गावर तो भार दोन स्त्रियांनी उचलला. त्यांचे कार्य दीर्घकाळ मोठ्या लेखकांच्या चरित्रांतील तळटीप म्हणून राहिले, यात लिंगभावाचा आणि व्यवसायाविषयीच्या तुच्छतेचा असा दोन्ही पूर्वग्रहांचा वाटा आहे. तिसरा निष्कर्ष म्हणजे मंडळाचे मूल्यमापन तेथे कोण आले एवढ्यावर करून भागत नाही. कोण येऊ शकले नाही, हेही पाहावे लागते.

अखेरची बाब संशोधनसाधनांची. बीचच्या दुकानाविषयी आज एवढे सांगता येते याचे श्रेय तिथे आलेल्या थोर लेखकांना नाही. ते तिने जपलेल्या साध्या पत्रकांना आहे. मराठी प्रदेशातील जुन्या ग्रंथविक्रेत्यांच्या वह्या, भाडोत्री वाचनालयांची नोंदपुस्तके, वर्गणीदारांच्या याद्या, कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिका ही साधने दुकान बंद पडले की रद्दीत जातात. पदव्युत्तर अभ्यासकांनी आपापल्या गावातील एखादे दुकान किंवा वाचनालय निवडून ही कागदपत्रे वेळीच मिळविली आणि तेथील वृद्ध सभासदांच्या आठवणी टिपून ठेवल्या, तर मराठी वाचकाचा इतिहास अनुमानावर न राहता पुराव्यावर उभा राहू शकेल. लेखकाचे हस्तलिखित जपणे जेवढे आवश्यक, तेवढेच वाचकाच्या नावाचे पत्रक जपणेही आवश्यक आहे.